उदारामची माशी

मी एक जुना कागद बोलतोय. आधी म्हणणार होतो, मी एक चित्र बोलतोय. पण मग वाटलं, उगाच खोटं नको. चित्र म्हणावं तर माझ्या कडेला मापाच्या बारीक रेघा आहेत. शास्त्राची नोंद म्हणावी तर लोक माझ्याकडे बघून आधी 'काय सुंदर!' म्हणतात, मग चष्मा शोधतात. मधली कित्येक वर्षं तर मी देव होतो. तेव्हा मी नक्की कोण, हे तुम्हीच सांगा. मला नव्वद वर्षं होत आली, अजून समजलेलं नाही.

माझ्यावर ऐनाची एक डहाळी आहे. आमच्याकडे ऐनाला येन म्हणतात. एक पान सुलटं, एक मुद्दाम उलटं, म्हणजे मागच्या शिरा दिसाव्यात. डहाळीवर कोशाच्या किड्याची अंडी आहेत, हिरवी लठ्ठ अळी आहे, देठाला लटकलेला कोसा, म्हणजे जंगली रेशमाचा कोश, आहे आणि सगळ्यांच्या वर पंख पसरून मादी पाखरू बसलेलं आहे. आता तुम्हीच विचार करा. तुमच्या घरातल्या एखाद्या फोटोत तुम्ही एकाच बाकावर चार वेळा दिसलात, पाळण्यातले, शाळेतले, बोहल्यावरचे आणि काठी टेकलेले, तर तुमचं डोकं ठिकाणावर राहील का? माझं तर जन्मल्यापासून नाही.

आणि जन्म तरी एका दिवसाचा आहे का? मला काढायला तीन महिने लागले.

देवरीच्या पुढे, छत्तीसगडच्या अंगाला, जंगलात एक सरकारी बंगला होता. तिथे एक गोरा साहेब उतरलेला. त्याला या भागातल्या झाडांचं आणि किड्यांचं पुस्तक करायचं होतं. जवळच्या गावात उदाराम नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा शेतकरी होता. धान कापून झालं की तो लोकांच्या लग्नात भिंती रंगवायचा, दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, सोंगांचे मुखवटे रंगवायचा. साहेबाने एका भिंतीवर त्याचा मोर पाहिला आणि त्याला बंगल्यावर बोलावून घेतलं. पुढ्यात मला ठेवलं, रंगांच्या वड्यांची पेटी ठेवली, माप घ्यायला कंपास दिला आणि सांगितलं, "जो दिखता है, वही बनाओ. न कम, न ज़्यादा. आधा साइज़."

उदारामने मान डोलावली. साहेबाचा ब्रश त्याला जाड वाटला, म्हणून त्याने खारीच्या शेपटीचे केस बांधून आपला ब्रश केला. त्या ब्रशाचा पहिला स्पर्श मला आठवतो. गुदगुल्या झाल्या होत्या.

बंगल्याच्या ओसरीवर मडक्यात ऐनाची डहाळी खोचलेली असायची, रोज ताजी. उदाराम तिच्यासमोर मांडी घालून बसायचा. अंडी फुटली, अळ्या निघाल्या, मोठ्या झाल्या. त्यातली एक त्याने माझ्यासाठी निवडली. कंपास लावून तिच्या अंगावरचे वळसे मोजायचा आणि मग माझ्यावर अर्ध्या मापाने उतरवायचा. भिंतीवरचा मोर मनातून काढता येतो. ही अळी मनातून काढता येत नव्हती. तो घाम पुसायचा आणि पुटपुटायचा, "चित्र काढून राहिलो का जमीन मोजून राहिलो, काही समजत नाही बापा."

त्या दिवसांत एक माशी येऊ लागली. घरातल्या माशीपेक्षा मोठी, राखाडी, पाठीवर काळे पट्टे. तीन दिवस ती भर दुपारी यायची आणि अळीच्या पाठीवर बसायची. उदाराम पहिल्या दिवशी नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला हाकललं. तिसऱ्या दिवशी त्याने ब्रश उचलला आणि मसुराच्या दाण्याएवढी माशी माझ्यावरच्या अळीच्या पाठीवर काढली. पट्टे मोजून काढले. मला वाटलं, गंमत केली पोराने.

पुढे अळीने कोसा विणला. तो काढून झाला. मग पाखरू निघायची वाट बघणं सुरू झालं. मला फडक्यात गुंडाळून ठेवलेलं, त्यामुळे पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. एके दिवशी उदारामने मला उघडलं, आणि कोशाच्या टोकाला ब्रशाच्या एका केसाने काळं, गोल, बारीक भोक काढलं. का काढलं, ते बोलला नाही. दुसऱ्या दिवशी जंगलातून दुसरा कोसा आणला, त्यातून निघालेली मादी माझ्या डोक्यावर बसवली. म्हणजे माझी अळी आणि माझं पाखरू एकमेकांचे कोणीच नाहीत. हे कळल्यावर माझा गोंधळ आणखी वाढला.

त्या मादीचा डावा पंख फाटका होता. उदारामने तो फाटकाच काढला. साहेब म्हणाला, पूर्ण कर. जगात पाखरांना पूर्ण पंख असतात.

"सायेब, दिसते ते काढू का असते ते काढू?" उदारामने विचारलं.

साहेब हसला. उदारामने पंख पूर्ण केला. ते त्याने ऐकलं.

मग साहेबाने भिंग घेतलं आणि त्याला माशी दिसली, भोकही दिसलं. त्याचा चेहरा उतरला. "ये मक्खी क्यों? ये छेद क्यों? मेरी किताब में कोशे का जीवन चाहिए. मक्खी हटाओ."

"सायेब, तुम्हीच तं म्हणलं होतं, दिसते ते काढ. ते रोज येत होती. त्या माशीनंच तं..."

"बस!" साहेब म्हणाला.

उदाराम बसला नाही. रंगांची पेटी बंद केली, कंपास पेटीवर ठेवला आणि म्हणाला, "माशी राहीन, नाही तं मी जाईन." साहेबाने कारकुनाला बोलावलं. माझ्यावर पातळ कागद ठेवून कारकुनाने सगळं गिरवून घेतलं, माशी आणि भोक सोडून. मग साहेबाने मला उदारामच्या हातात दिलं आणि पायऱ्यांकडे बोट दाखवलं. असं आमचं घरी येणं झालं.

एका माशीपायी माणूस हातातली नोकरी सोडतो, हे मला तेव्हा समजलं नाही. गावालाही समजलं नाही. "साहेबाशी माशीवरून भांडला" एवढंच गावात कळलं, बाकीचं गावाने स्वतः जोडलं. कोणी म्हणे, साहेबाच्या चहात माशी पडली आणि हा हसला. कोणी म्हणे, यानेच टाकली. उदारामने कधी खुलासा केला नाही. मला एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं, वर जुनं धोतर घातलं आणि तो पुन्हा धानाकडे वळला. अधूनमधून पेटी उघडून बघायचा. नंतर बघणारा राहिला नाही.

पेटीतल्या अंधारात किती वर्षं गेली, मला सांगता येणार नाही. एके दिवशी झाकण उघडलं आणि एक तरणी बाई वाकून माझ्याकडे बघत होती. डोळे रडून सुजलेले. ती रुख्मा, उदारामची सून. ती चोरखमाऱ्याकडची, तलावाच्या पाण्यावरच्या धानशेतीत वाढलेली. तिने कोशाचा किडा जन्मात पाहिला नव्हता. सासऱ्यालाही पाहिलं नव्हतं. तिचं लग्न व्हायच्या आधीच तो गेला.

आषाढातली अमावस्या होती, जिवतीचा दिवस. त्या दिवशी दाराशी जिवतीचा कागद लावतात, त्यावर लेकरांना अंगाखांद्यावर घेतलेली आई असते, आणि तिला हळदकुंकू वाहून लेकरांसाठी आयुष्य मागतात. त्या वर्षी नाल्याला पूर आला, कागद विकणारा गावात आलाच नाही. आणि रुख्माचा दोन वर्षांचा देवानंद तापाने फणफणलेला.

तिने घरभर शोधलं आणि मी सापडलो. वर पंख पसरलेली मोठी माय, खाली डहाळीवर तिची पिलं. तिला दुसरं काय वाटणार? "हे मामाजीच्या वेळची जिवती होय," ती नवऱ्याला म्हणाली. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. नवऱ्यालाही बापाने हा कागद कधी दाखवला नव्हता, त्याने मान डोलावली. माझ्या चारी कोपऱ्यांत बाभळीचे काटे टोचून तिने मला दाराशेजारच्या भिंतीवर लावलं. मग ओल्या बोटाने माझ्या पाखराच्या दोन्ही पंखांवर एकेक कुंकवाचा टिळा लावला, इकडे जेवढा तेवढाच तिकडे, आणि माझ्यापुढे डोकं टेकून म्हणाली, "माझं लेकरू वाचव माय."

मला ओरडून सांगायचं होतं की बाई, मी किड्याचं चित्र आहे. पण तिच्याकडे बघून वाटलं, नसेन मी फक्त तेवढंच. कोणी सांगावं?

चौथ्या दिवशी देवानंदचा ताप उतरला. मी काय केलं? काहीच नाही. पण त्यानंतर दर वर्षी मला हळदकुंकू मिळू लागलं, नैवेद्य मिळू लागला, आणि मीही त्या दिवसाची वाट बघू लागलो. चुलीचा धूर अंगावर बसत गेला. उदारामची माशी काळवंडली, पट्टे दिसेनासे झाले. उंदरांनी एक कोपरा कुरतडला, तेव्हा विशीतल्या देवानंदने मला देवरीला नेऊन काच बसवून आणली. कुंकू आतच राहिलं. पुढचे टिळे काचेवर लागले आणि दर वर्षी पुसले गेले. आतले दोन राहिले. देवानंद त्यांना लहानपणापासून बघत आलेला. त्याला ते पाखराचेच वाटायचे. त्याची पोरगी गुंजन झाली, तिलाही तसंच वाटायचं. आता खरं सांगतो, इतक्या वर्षांनी मलाही नक्की सांगता येईना. मला आरशापुढे कोणी धरलं नाही कधी. ते लाल ठिपके माझे जन्माचे की नंतरचे?

सहा वर्षांपूर्वी देवानंदने शेतीच्या जोडीला कोसा पाळायचं शिकून घेतलं. जंगलात ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडू लागला. एके दिवशी घरी आला तो चपला न काढता थेट माझ्यापुढे उभा राहिला.

"माय! हे जिवती नाही वं. हे तं कोशाचं पाखरू होय!"

रुख्मा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "असन. पाखरूही मायच आहे नं?"

"पण आमच्या पाखराले असे लाल ठिपके नसतात."

"पहिलेच्या जातीले असतीन," गुंजन म्हणाली. ती तेव्हा शाळेत होती. देवानंदला ते पटलं. रुख्माने भाजीतलं चांगलं पान कचऱ्यात टाकलं, ते मी पाहिलं.

गुंजन पुढे गोंदियाला कॉलेजात गेली, प्राणिशास्त्र घेतलं. या वर्षी तिला कळलं की गोंदियात जुन्या काळच्या झाडाफुलांच्या आणि किड्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार आहे. तिने मोबाइलवर माझा फोटो काढून पाठवला. ते भरवणाऱ्या नूतन मॅडम नागपूरहून येऊन गोंदियात राहिल्या होत्या. एका सकाळी त्या देवरीची बस धरून आमच्याकडे आल्या.

गुंजनला एकच गोष्ट हवी होती. माझ्याखाली तिच्या पणजोबाचं नाव लागावं. "मॅडम, घरात म्हणतात का पणजोबा सायबाकडे चित्र काढत होते. मग माशीवरून काहीतरी झालं आणि काढून टाकलं त्यांना. पण हे चित्र त्यांचंच आहे."

"सही आहे कुठे?" मॅडमनी विचारलं. नव्हती.

मॅडम प्रेमळ बाई. त्यांनी सपरीत, म्हणजे आमच्या ओसरीत, चटईवर बसून मला मांडीवर घेतलं, काच काढली, हलक्या ब्रशाने धूळ झाडली. मला तीसेक वर्षांनी वारा लागला. मग पिशवीतून त्यांनी एका छापील चित्राचा फोटो काढला आणि माझ्याशेजारी ठेवला. तीच डहाळी. तेच उलटं पान. तेच पाखरू. खाली साहेबाचं नाव.

"हे त्या साहेबाच्या पुस्तकातलं," त्या म्हणाल्या. "तुमचं चित्र त्यावरूनच उतरवलेलं दिसतं, गुंजन. नक्कल. सुरेख आहे, पण नक्कल. हे लाल ठिपके बघ. साहेबाच्या चित्रात नाहीत, खऱ्या पाखरालाही नसतात. कोणीतरी शोभेसाठी घातलेत. शास्त्रासाठी काढणारा माणूस असं कधी करणार नाही."

"पहिलेची जात असन ना मॅडम," गुंजन म्हणाली. आवाज अगदीच लहान झाला होता.

"अशी जात नाही, बेटा."

मी नक्कल? माझ्याच अंगावर कागद ठेवून ज्याची नक्कल झाली, तो मीच नक्कल? मला वाटलं, आता माझ्यावरचं सगळं पाणी होऊन वाहून जाईल. पण कागदाला कसं बोलता येणार?

"मी ठेवते प्रदर्शनात," मॅडम समजूत घालत म्हणाल्या. "कलेच्या भिंतीवर. 'चित्रकार अज्ञात' असं लिहून. फक्त हा धुराचा डाग काढून देते, आणि इथे कोशावर कसरीने भोक पाडलंय, तेवढं रंगाने बुजवते." आणि त्यांनी पिशवीतून कापूस आणि बारीक पातं काढलं.

तो धुराचा डाग म्हणजे उदारामची माशी. आणि कसरीचं म्हणत होत्या ते भोक उदारामने एका केसाने काढलेलं. तेवढ्याच दोन गोष्टींत साहेबाचं चित्र आणि मी वेगळे. ते दोन गेले की मी खरोखरच नक्कल होणार, आणि उदाराम साहेबाच्या चहात माशी पडली म्हणून हसलेला माणूस राहणार, कायमचा. पातं माझ्यापासून चार बोटांवर होतं.

"थांबा बाई," रुख्मा म्हणाली.

ती सपरीच्या खांबाला धरून उभी होती. सत्तरीची बाई, पण चोरी सापडलेल्या पोरीसारखी मान खाली. "ते लाल हाय ते कुकू होय. म्या लावलं."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"हा देवानंद दोन वर्साचा होता. मरून राहिला होता. जिवतीचा कागद भेटला नाही, तं म्या हाच लावला. मले का मालूम हा कशाचा आहे? म्या म्हणलं माय आहे आणि लेकरं आहेत." तिने नाकाला पदर लावला. "इतकी वर्सं बोलली नाही. पहिले वाटे, हसतीन. मग पोरगी जातबीत म्हणे, तिचं तोंड काऊन पाडावं म्हणून चूप राहिली."

मॅडमनी पातं बाजूला ठेवलं. "कुंकू? नक्की?"

रुख्मा माझ्याजवळ येऊन बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि डाव्या पंखावर नेलं. तिथे तिचा हात थांबला. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हा तिच्या स्वतःच्या कपाळाचं कुंकू इतर बायांनी पुसलं होतं. मी भिंतीवरून पाहिलं होतं. आता हे लेकराच्या नावाचं कुंकू, ते तिला स्वतःच्या हाताने पुसायचं होतं, आणि लेकरू समोर उभं होतं.

"माय, नोको पुसू," देवानंद म्हणाला. पन्नाशीला टेकलेला माणूस, मिशा पिकलेल्या.

"तुले काही होत नाही आता," ती म्हणाली. "मामाजीचं नाव पुसल्या जाऊन राहिलं. त्याच्यापेक्षा कुकू पुसलं तं चालते."

आणि तिने पुसलं. आधी डावा, मग उजवा. पदराला लाल भुकटी लागली. माझ्या पंखांवर अगदी फिकट गुलाबी छटा तेवढी उरली. मला दुखलं नाही, पण फार एकटं वाटलं, हे कबूल करतो.

 मॅडम म्हणाल्या, "मी ज्याला रंग समजत होते ते कुंकू निघालं. मग ज्याला डाग समजतेय ते काय आहे, ते आधी नीट बघायला हवं." त्यांनी भिंग काढलं. कापसाच्या बोळ्याने नुसता वरचा धूर टिपला, अगदी अलगद. "पाय आहेत याला. सहा. पंख दोन. पाठीवर पट्टे."

देवानंद मॅडमच्या खांद्यावरून वाकला. पुढच्या क्षणी तो खालीच बसला.

"हे तं माशी होय! आमच्या किड्यांवर येते ते. मागच्या साली अर्धं पीक खाल्लं हिनं." त्याचं बोट माझ्या कोशावर आलं. "आणि हे कसरीचं भोक नाही मॅडम. माशी किड्याच्या अंगावर अंडं घालते. तिची अळी आतमंधी जाते, आतल्या आत खाते. किडा कोसा विणते, पण पाखरू निघत नाही. माशीचीच अळी कोशाले असं भोक पाडून बाहेर येते. असंच. याच ठिकाणी. म्या शेकड्यांनी पाहिले."

उदाराम, अरे उदाराम! नव्वद वर्षं मी हे अंगावर घेऊन फिरलो आणि मला कळलं नाही. 'त्या माशीनंच तं' म्हणून साहेबापुढे तू जे बोलायला गेलास, ते हे होतं. तीन दिवस माशी आली ते तू काढलंस, आणि महिन्याने तिने काय केलं तेही काढलंस. दिसलं तेवढंच. ना कमी, ना जास्त.

"साहेबाच्या चित्रात दोन्ही नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला होता. "नक्कल करणारा माणूस असली गोष्ट मनाने घालू शकत नाही. ज्याने समोर बसून पाहिलं त्यालाच हे माहीत असणार." मग त्यांनी गुंजनकडे बघितलं. "तुझे पणजोबा साहेबाशी कशावरून भांडले म्हणालीस?"

 गुंजन रडत होती आणि हसतही होती.

 रुख्मा माझ्याकडे टक लावून बघत होती. "म्हणजे याच्यातलं लेकरू मेलं होतं?" तिने विचारलं. "आणि म्या त्याच्यापुढेच माझं लेकरू मागितलं?"

 

आता मी गोंदियात आहे. दिवाणखान्याएवढ्या खोलीत दोन भिंती आहेत, एकीवर 'विज्ञान' लिहिलंय, दुसरीवर 'कला'. मॅडम मला घेऊन दोन्हींपुढे उभ्या राहिल्या, इकडे लावून बघितलं, तिकडे लावून बघितलं. शेवटी मला दाराशेजारी लावलं. नवी काच आहे. माझ्याखाली पाटी आहे: 'चित्रकार: उदाराम, तालुका देवरी.' पहिल्या दिवशी गुंजनने ती पाटी सात वेळा वाचली.

पण येणारे लोक घाईत असतात. दारातून आत शिरतात, माझ्या पाखराकडे बघून 'वा, क्या बात है' म्हणतात आणि पुढे जातात. माशी कोणाला दिसत नाही. मसुराएवढीच ती, दिसणार कशी?

मागच्या रविवारी रुख्मा आली. देवानंद आणि गुंजन तिला बसने घेऊन आले होते. तिने आधी मला कुठे लावलंय ते पाहिलं. "दाराजवळ लावलं. बरं केलं," म्हणाली. मग भिंतीला टेकून माशीकडे खूप वेळ बघत राहिली.

"कोणाले माहीत," ती हळूच म्हणाली, "तिचंही लेकरूच होतं नं ते."

कमरेची पुडी काढून तिने बोट बुडवलं आणि काचेवर, नेमकं माशीवर, कुंकवाचा बारीक टिळा लावला.

"अरे माताजी, काच को हाथ मत लगाइए!" राखणदार धावत आला. त्याच्या हातात फडकं होतं. पण तिने त्याच्याकडे असं पाहिलं की ते हातातच राहिलं.

तो टिळा अजून तिथेच आहे. आता येणारा प्रत्येक जण दारातच थबकतो. हा लाल ठिपका काचेवर आहे की चित्रात, हे बघायला वाकतो, एक डोळा मिटतो. आधी त्याला कुंकू दिसतं, त्याच्यामागे माशी, आणि मग कोशाचं भोक. काही जण वाकल्यावर पुन्हा लवकर उठत नाहीत.

मी कोण, हे मला अजूनही कळलेलं नाही. तुम्ही गोंदियाला आलात तर या, आणि बघून सांगा. वाकून बघा मात्र. आणि जाताना राखणदाराला सांगा, दाराजवळची ती काच पुसू नको.